लायका सीएलला दुसरी लेन्स घेताना

पत्र: माझ्याकडे लायका सीएल कॅमेरा आणि त्याच्यासोबतची ४० मिमी एफ/२ सुमिक्रॉन-सी लेन्स आहे. मामांनी फोटो काढणं सोडलं तेव्हा हे सगळं माझ्याकडे आलं. वर्षभर ही एकच लेन्स वापरते आहे. घरातली माणसं, लहान खोल्यांत जमलेली मंडळी, कधी रस्ता, कधी डोंगर असे माझे विषय. आता आणखी लेन्स घ्याव्यात असं वाटतंय. माझी यादी अशी: कमी उजेडासाठी ५० मिमी एफ/१.४, खोल्यांसाठी २८ मिमी, चेहऱ्यांसाठी ९० मिमी एफ/२, आणि स्वस्त मिळते म्हणून सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-१२, ३५ मिमी. पैसे दोनच लेन्सपुरते आहेत आणि तेही एकदम नाहीत. कोणत्या घेऊ, आणि आधी कोणती? की ४० विकून ३५ आणि ५० अशी जोडी करू?

उत्तर: आधी निकाल सांगते, मग कारणं. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ: तो लहान तितका लेन्स जास्त रुंद भाग घेते. एफचा आकडा लहान तितका ती जास्त उजेड घेते.) पहिली २८ घ्या. दुसरी ९०, पण एफ/२ नको, एफ/४ घ्या. ५० आणि ज्युपिटर-१२ यादीतून काढून टाका. ४० अजिबात विकू नका.

तुमची यादी विषयांवरून केलेली आहे: खोली, चेहरा, अंधार. एसएलआर कॅमेऱ्यासाठी तशी यादी चालते, कारण तिथे जी लेन्स लावाल तिच्यातूनच तुम्ही बघता. सीएलमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. बघायची खिडकी वेगळी, फोकस जुळवणारी दुसरी खिडकी वेगळी, आणि या दोन्ही खिडक्या कारखान्यात ठरल्या तशाच कायम राहतात. म्हणून अशा, रेंजफाइंडर म्हणवणाऱ्या कॅमेऱ्यासाठी लेन्स निवडताना पहिला प्रश्न कॅमेऱ्याला विचारायचा: ही लेन्स किती भाग घेणार ते तू मला दाखवू शकतोस का, आणि तिचा फोकस तुला नेमका धरता येतो का? लेन्स कितीही सुंदर असली तरी या दोन प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर आलं तर ती तुमच्या कामाची नाही.

सीएल १९७३ साली आला. लाइट्झ (लायका बनवणारी कंपनी) आणि मिनोल्टा यांनी मिळून केलेला, जपानमध्ये मिनोल्टाने बांधलेला हा कॅमेरा १९७६ पर्यंत बनत होता. त्याच्यासाठी खास दोनच लेन्स निघाल्या, ४० मिमी एफ/२ आणि ९० मिमी एफ/४. या निवडीमागे कॅमेऱ्याच्या मर्यादांचं गणित आहे, आणि तेच गणित तुमच्या यादीला लावून बघू.

रेंजफाइंडर कॅमेरा अंतर मोजतो ते त्रिकोणाने. दोन खिडक्यांमधलं अंतर हा त्रिकोणाचा पाया. पाया जितका लांब तितकं मोजमाप नेमकं. सीएलचा पाया ३१.५ मिलिमीटर आहे. व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे बघायच्या खिडकीतलं, चित्र प्रत्यक्षाच्या ०.६ पट दिसतं, म्हणून तुमच्या डोळ्याला मिळणारा परिणामी पाया १८.९ मिलिमीटर. लायकाच्या मोठ्या एम कॅमेऱ्यांत, ०.७२ पट दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरच्या, हाच आकडा ४९.९ आहे. शरीर लहान करायचं तर पाया आखूड होणारच. सीएल इतका हलका आणि आटोपशीर झाला त्याची ही किंमत आहे, आणि ती लेन्स निवडताना मोजावी लागते.

आता कोणत्या लेन्सला किती पाया लागतो? एक ठोकताळा सांगते, कागद-पेन्सिलीने होतो. फोकल लेंग्थचा वर्ग करा, त्याला एफ आकड्याने भागा, मग शंभराने भागा. जे येईल तेवढे मिलिमीटर परिणामी पाया ढोबळमानाने हवा. यात फिल्मवर ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा धुरकटपणा चालवून घेतला आहे आणि डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाचा फरक ओळखू शकतो असं धरलं आहे. तुमची ४० एफ/२ घ्या: १६०० भागिले २, भागिले १००, म्हणजे ८. सीएलकडे १८.९ आहेत, म्हणजे दुपटीहून जास्त ऐवज हाताशी. म्हणूनच वर्षभरात तुमचा फोकस फारसा चुकला नसेल. २८ एफ/२.८ ला ३ सुद्धा लागत नाहीत. ५० एफ/१.४ ला जवळपास १८ लागतात, म्हणजे अगदी काठावर. ९० एफ/४ ला २०, काठाच्या किंचित पलीकडे, पण हात स्थिर आणि रेंजफाइंडर नीट जुळलेला असेल तर निभावतं. आणि तुमच्या यादीतली ९० एफ/२? तिला ४० लागतात. सीएलकडे आहेत त्याच्या दुप्पट. ती लेन्स एफ/२ वर वापराल तर कधी डोळा नेमका येईल, कधी कान, आणि त्यात तुमचा काहीच दोष नसेल. एफ/४ पर्यंत बंद करून वापरायची म्हटलं, तर मग एवढं वजन आणि एवढे पैसे कशासाठी? शिवाय ती जाडजूड लेन्स या चिमुकल्या कॅमेऱ्यावर बसली की तोल पुढे जातो आणि व्ह्यूफाइंडरचा खालचा कोपराही झाकला जातो.

२८ आधी घ्या म्हणते त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे, ‘लहान खोल्यांत जमलेली मंडळी’. आडव्या फोटोत लेन्स किती रुंदी पकडते ते काढायला अंतराला ३६ ने गुणून फोकल लेंग्थने भागायचं. तीन मीटरवरून ४० मिमी २.७ मीटर रुंदी पकडते, २८ मिमी ३.८६ मीटर. सतरंजीवर बसलेल्या माणसांच्या रांगेत दोन्ही टोकांची माणसं आत येतात की बाहेर राहतात, ते या साधारण १.१६ मीटरच्या फरकावर ठरतं. ४० ने तेवढंच पकडायचं तर तुम्हाला ४.३ मीटरवर जावं लागेल, आणि खोलीत तुमची पाठ त्याआधीच भिंतीला टेकलेली असते. डोंगरात किंवा रस्त्यावर मागे सरकता येतं, खोलीत येत नाही. जिथे पायांनी काम भागत नाही तिथेच नवी लेन्स खरी उपयोगी पडते, म्हणून माझा कौल २८ ला.

तरीही माझ्या शब्दावर लगेच जाऊ नका. वर्षभराच्या कॉन्टॅक्ट शीट (एका फिल्मवरचे सगळे फोटो लहान आकारात छापलेले कागद) टेबलावर मांडा. जिथे कडेचा माणूस अर्धा कापला गेला, किंवा खोलीच खोलीसारखी दिसत नाही, तिथे एक खूण करा. जिथे चेहरा हवा होता आणि तो फ्रेमच्या मध्यभागी बोटाएवढा आला, तिथे दुसरी खूण करा. दुसऱ्या खुणा स्पष्ट जास्त निघाल्या तर क्रम उलटा करा, ९० आधी घ्या. दोन्ही फारशा निघाल्याच नाहीत तर वर्षभर आणखी ४० वर काढा, काही बिघडत नाही.

२८ सोबत एक अडचण येते आणि ती आधीच माहीत असलेली बरी. सीएलच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ४०, ५० आणि ९० च्याच चौकटी, म्हणजे लेन्स किती भाग घेणार ते दाखवणाऱ्या रेषा, आहेत. ५० ची कायम दिसते, ४० किंवा ९० ची लेन्सप्रमाणे उमटते. २८ ची चौकट नाहीच. त्यामुळे कॅमेऱ्याच्या वरच्या शूमध्ये (जोडणीच्या खाचेत) बसणारा वेगळा २८ चा व्ह्यूफाइंडर घ्यावा लागेल; त्याचा खर्च लेन्सच्या खर्चातच धरा. फोकस आतल्या खिडकीत, चौकट वरच्या खिडकीत. सुरुवातीला हे दोनदा बघणं जड वाटतं. पण २८ ला दर वेळी फोकस करावाच लागत नाही. एफ/८ वर अंतर ३.३ मीटरला लावून ठेवलं की साधारण १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वच्छ येतं. बाहेर, उजेडात, फक्त वरच्या खिडकीतून बघा आणि बटण दाबा. घरात अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) उघडावं लागेल आणि फोकसही करावा लागेल, पण तिथे मंडळी बसलेली असतात, घाई नसते.

वरच्या व्ह्यूफाइंडरबद्दल आणखी एक. सीएलच्या आतल्या चौकटी अंतरानुसार सरकतात आणि लेन्स व खिडकी यांच्यातला फरक भरून काढतात. वरचा सुटा व्ह्यूफाइंडर तसं करत नाही. दीड मीटरच्या आत आलात तर माणसाच्या डोक्यावर दिसते त्याहून थोडी जास्त जागा ठेवा, नाहीतर केस कापले जातील.

आता २८ मध्ये कोणती? मिनोल्टाने पुढे आपल्या सीएलई कॅमेऱ्यासाठी काढलेली एम-रोक्कोर २८ मिमी एफ/२.८ आकाराने सीएलला शोभते आणि चित्र छान देते. पण तिच्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके येतात, ही या लेन्सची सर्वांना माहीत असलेली खोड आहे. घेण्याआधी मोबाइलच्या टॉर्चचा उजेड मागून, तिरका टाकून पुढून बघा. चार-दोन बारीक ठिपक्यांनी चित्र बिघडत नाही, पण काच धुक्यासारखी पांढुरकी दिसत असेल तर सोडून द्या, विकणारा काहीही म्हणो. दुसरा पर्याय फोइग्टलेंडरची कलर-स्कोपर २८ मिमी एफ/३.५. ती त्याहून लहान, धातूची, आणि मला अधिक निर्धोक वाटते. ती जुन्या लायकाच्या ३९ मिलिमीटर आट्याची आहे, म्हणून एम माउंटवर (सीएलला लेन्स जिथे जोडतात त्या जागी) बसवायला मध्ये एक अडॅप्टर रिंग लागेल. इथे एक बारकावा आहे. या रिंगा तीन प्रकारच्या मिळतात, कारण कॅमेऱ्यात कोणती चौकट उमटायची ते रिंगेवरच्या खाचेने ठरतं. एमच्या पद्धतीत २८ आणि ९० ची जोडी आहे. त्या जोडीची रिंग लावलीत तर सीएलमध्ये २८ ऐवजी ९० ची चिमुकली चौकट उमटेल आणि रोज नजर चुकवेल. त्यापेक्षा ५०/७५ ची रिंग घ्या, म्हणजे तुमची ओळखीची ४० ची चौकट दिसत राहील आणि ‘याच्या बाहेरचंही बरंच येणार’ एवढा अंदाज तिच्यावरून लागेल.

ज्युपिटर-१२ काढून टाका म्हटलं त्याला कारण आहे, आणि ते २८ घेतानाही लक्षात ठेवायचं आहे. लेन्स काढून सीएलच्या आत डोकावून बघा. फिल्म पुढे सरकवलेली असेल तर शटरच्या पडद्यासमोर एका बारीक दांडीवर गोल चकती उभी दिसेल. तो उजेड मोजणारा मीटर. तुम्ही बटण दाबलं की तो खाली पडतो, मग शटर चालतं. म्हणजे लेन्सच्या मागच्या काचेला आत शिरायला जागा थोडकीच आहे. ज्युपिटर-१२ ची मागची काच एखाद्या फुगीर गोट्यासारखी खूप आत येते. ती त्या दांडीवर आपटली तर मीटर गेला, आणि आजच्या घडीला तो सुटा मिळणं महाकठीण. हीच भीती लायकाच्या पहिल्या घडणीच्या २८ मिमी एल्मारिटची आणि २१ मिमी सुपर-अँग्युलॉनची. आत ढकलून लहान होणाऱ्या जुन्या ५० मिमी लेन्स लावता येतात, पण कॅमेऱ्यावर असताना त्या आत ढकलायच्या नाहीत. कोणतीही अनोळखी लेन्स घेताना ती तुमच्या ४० शेजारी उलटी ठेवा. मागची काच माउंटच्या कडेपासून ४० पेक्षा बरीच वर आलेली दिसली तर जाणकाराला विचारल्याशिवाय लावू नका. सोव्हिएत लेन्सचा फोकसही लायकाच्या मापाशी प्रत्येक वेळी जुळतोच असं नाही, पण दांडीचं कारण एकटंच पुरेसं आहे.

५० बद्दल थोडक्यात. तिची चौकट तुम्हाला रोज दिसतेच आहे, तेव्हा ती काय घेईल हे तुम्ही आताही बघू शकता. तीन मीटरवरून ५० जे घेते ते ४० ने २.४ मीटरवरून येतं. एक पाऊल पुढे. राहिला अंधार. एफ/२ आणि एफ/१.४ यांत एकाच स्टॉपचा, म्हणजे उजेड दुप्पट होण्याएवढा, फरक आहे. ४०० च्या जागी ८०० ची फिल्म घातलीत तर तेवढंच मिळतं, आणि सोबत फोकसची खोलीही (पुढे-मागे जितका भाग स्वच्छ येतो ती) राखली जाते. अंधारात एफ/१.४ वर या आखूड पायाच्या रेंजफाइंडरने फोकस धरायचा म्हणजे कमी उजेड आणि कमी खोली या दोन्हींशी एकदम झुंज. ते पैसे २८ च्या व्ह्यूफाइंडरवर घाला.

९० एफ/४ च्या बाबतीत मात्र मी मनापासून आग्रह करीन. ही एल्मार-सी नावाने मिळते, मिनोल्टाच्या नावाचीही मिळते. ‘एफ/४ म्हणजे मागचं धूसर होणार नाही’ ही भीती मनातून काढा. दोन मीटरवर, एफ/४ ला, समोरून मागे मिळून साधारण १२ सेंटिमीटर स्वच्छ येतात. डोळ्यापासून कानापर्यंत माणूस स्पष्ट, मागची भिंत विरघळलेली. तुमच्या ४० ला एफ/२ वर, त्याच अंतरावर, ३० सेंटिमीटर मिळतात. म्हणजे मागचं धूसर करण्यात ही ‘मंद’ लेन्स तुमच्या ‘वेगवान’ लेन्सच्या पुढे आहे. दीड मीटरवर उभं राहिलात की आडव्या फोटोची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास येते, चेहरा आणि खांदे. त्याहून जवळ जायची गरज सहसा पडत नाही, आणि समोरच्या माणसालाही तेवढं अंतर सोयीचं वाटतं.

तिची चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये अगदी लहान दिसेल. पहिल्यांदा निराश व्हाल. पण चौकटीभोवतीचं सगळं दिसत असतं. कोण वळतंय, कोणाचा हात आत येतोय ते आधी कळतं. सीएलचा मीटर चित्राचा फक्त मधला भाग मोजतो, त्यामुळे ९० लावल्यावर चेहऱ्याचाच उजेड वेगळा मोजता येतो. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या फोटोत याचा केवढा उपयोग होतो ते एकदा बघाच.

पण ९० घेण्याआधी रेंजफाइंडर तपासून घ्या. मामांकडे कॅमेरा किती काळ पडून होता कोण जाणे, आणि ४० च्या ३० सेंटिमीटर खोलीत लपलेली चूक ९० च्या १२ मध्ये उघडी पडते. सोपी तपासणी अशी: लेन्स अनंतावर फिरवा आणि एक-दोन किलोमीटरवरचा विजेचा मनोरा किंवा उंच इमारतीची कड व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. मधल्या उजळ चौकोनातली दोन चित्रं एकावर एक तंतोतंत बसली पाहिजेत. एक वर, एक खाली दिसत असेल तर तीही दुरुस्तीची बाब आहे. जवळच्या अंतराची तपासणी फिल्म नसताना करायची. सीएलचं मागचं झाकण तळासकट पूर्ण निघतं, ही मोठी सोय. दीड मीटरवर एक छापील पान उभं लावा, कॅमेरा तिपाईवर ठेवून त्यावर फोकस करा. शटर ‘बी’ वर ठेवून बटण दाबून धरायला कोणालातरी सांगा. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा, खरखरीत बाजू लेन्सकडे करून, धरा. पडद्याला काच किंवा बोट लागू देऊ नका. भिंगातून बघाल तर अक्षरं उलटी पण स्पष्ट दिसायला हवीत. लेन्स किंचित फिरवल्यावर ती अधिक स्पष्ट होत असतील तर रेंजफाइंडर जुळवायला द्या. त्याच फेरीत मीटरही बघून घ्यायला सांगा. तो १.३५ व्होल्टच्या पारा असलेल्या सेलसाठी बनलेला आहे. ते सेल आता बनत नाहीत, आणि नेहमीचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मापन चुकू शकतं. पैसे दोन लेन्सपुरते आहेत म्हणता, तर पहिला खर्च हा.

शेवटचा प्रश्न ४० विकण्याचा. ३५ आणि ५० ही जोडी एम कॅमेऱ्यांवर उत्तम, पण सीएलमध्ये ३५ ची चौकटच नाही. आणि मिळणार काय? तीन मीटरवर ३५ ची रुंदी ३.१ मीटर, ४० ची २.७. तेवढ्यासाठी अर्धं पाऊल मागे गेलात की झालं. २८ जवळ असेल तर ३५ ची उणीव भासणारही नाही. ४० ही एकच लेन्स अशी आहे की जिची चौकट, फोकस, मीटर आणि वजन सगळं या कॅमेऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेलं आहे. तिला नेहमीचा आट्याचा फिल्टर लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. तिला सिरीज ५.५ चे, आटे नसलेले फिल्टर लागतात, आणि रबरी हूड फिरवला की तो त्यांना धरून ठेवतो. मामांच्या पिशवीत तो हूड आहे का ते बघा, कारण सुटा शोधायला वेळ जातो.